मदत हवी आहे : पनामाच्या वृक्षबेडकाविषयी भित्तिपत्रक

नमस्कार. नाशिकमधील एका शाळेत मी विज्ञान शिकवते. पनामातील एल व्हाये दे आन्तोन परिसराच्या मेघवनांत, उंच झाडांवर राहणाऱ्या 'रॅब' वृक्षबेडकावर सातवीची मुले भित्तिपत्रक तयार करत आहेत. २००८ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या या जातीचा नर झाडाच्या ढोलीतल्या पाण्यापाशी अंडी राखतो आणि टॅडपोल (बेडकाची पिल्ले) त्याच्याच पाठीची त्वचा खरवडून खातात, हे ऐकून सारा वर्ग स्तब्ध झाला होता. पुढे बेडकांच्या त्वचेला जडून त्यांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी त्या डोंगरांत पोहोचली. रानात या बेडकाचा शेवटचा आवाज २००७ मध्ये ऐकू आला आणि अटलांटाच्या वनस्पती उद्यानात सांभाळलेला 'टफी' हा अखेरचा ज्ञात नर २६ सप्टेंबर २०१६ रोजी गेला.

माझी अडचण शब्दांची आहे. कोणी रानात अजून सापडेल अशी आशा असताना फलकावर 'नामशेष' लिहावे की 'अतिसंकटग्रस्त'? शिवाय श्रावणात अंजनेरी-ब्रह्मगिरी धुक्यात बुडालेले पाहणाऱ्या मुलांना तेही मेघवनच वाटते. वर्षभर ढगांत भिजणाऱ्या अरण्याचा फरक त्यांना सोप्या मराठीत कसा समजावून सांगावा, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.