मे महिन्यात गाडीने मुरुड ते मालवण: सहा दिवस पुरतील का?

पुणेरी फिरस्ता: आई (वय 70), आम्ही दोघे, दोन मुलं. 18 ते 23 मे. ताम्हिणी उतरून मुरुड, मग फेरीबोटीत गाडी घालत खाली: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. वाटेत जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, शेवटी मालवणला सिंधुदुर्ग. कोकण बघावं तर असंच. रिसॉर्टात लोळायला पुणं काय वाईट? घ्या, हाणून पाडा.

देवगडकर: पाडतो. चार खाड्या म्हणजे चार वेळा बोटीची रांग. मे महिन्यात गाडीत उकडून निघालेल्या आईंना सुवर्णदुर्ग काय डोंबल दिसणार? रेल्वेने कुडाळला उतरा, मालवणात चार रात्री काढा. ऊन चढायच्या आत किल्ला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिथल्या विहिरी, भर समुद्रात गोडं पाणी, मुलांना तेच लक्षात राहील. दुपारी झोप, संध्याकाळी देवबागला कर्लीचा संगम. बस. आमच्याकडे मेच्या दुपारी कुत्रंसुद्धा हिंडत नाही.

पुणेरी फिरस्ता: रेल्वेचं तिकीट तुम्ही काढून देताय का? आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता वेटिंगवर जातं.

खाडीपलीकडची: तुमचं वाटेवरून चाललंय, पण मुळात तारीख चुकलीय. 2025 साली मान्सून 25 मेलाच तळकोकणात हजर झाला, त्याआधीचे चार-पाच दिवसही पावसाने झोडपलं होतं. समुद्र खवळला की किल्ल्याच्या होड्या बंद. मेअखेर तर तशाही बंदच होतात. एप्रिलचा शेवट धरा.

जंजिऱ्याला आम्ही गेलो तेव्हा राजपुरीहून शिडाची होडी होती. हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकताना माझ्या सासूबाईंनी डोळेच मिटले. आईंना तिथे नेऊ नका. आणि भरतीचा आजोबांचा हिशेब: तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता भरती. अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. ओहोटी लागली की मुलं पाण्याबाहेर.

देवगडकर: एप्रिल मान्य, हापूसही तेव्हाचाच. जंजिरा गाळाच. तो शेवटपर्यंत सिद्द्यांकडेच राहिला, युनेस्कोच्या 2025 च्या मराठा किल्ल्यांच्या यादीतही नाही. त्याऐवजी विजयदुर्ग करा. यादीत आहे, होडी लागत नाही, आईंना दरवाजापर्यंत चालत नेता येईल. (हो, आमच्या तालुक्यातला आहे म्हणून सांगतोय.)

पुणेरी फिरस्ता: यादीच काढलीत तर सुवर्णदुर्गही आहे त्यात! आत्ता आईलाच विचारलं. म्हणाली, किल्ले तुमचे तुम्ही बघा, मला हर्णैचा मासळीचा लिलाव दाखवा. म्हणजे हर्णै पक्कं. मुरुड कटाप, महाड-मंडणगडवरून थेट दापोली. एप्रिलचं बायकोच्या रजेवर ठरेल.

देवगडकर: म्हणजे दोन खाड्या उरल्या. तरी दोन जास्तच.