बोका, पाळणा आणि जाळीचा दरवाजा

ए-३०४: डिलिव्हरीला पाच आठवडे राहिलेत. घरात दोन वर्षांचा बोका आहे, बेडरूममध्येच झोपतो. पाळणा आणून ठेवला तर त्यातच जाऊन बसायलाय. माहीतगारांनी सांगा, काय करावं?

सी-१०२ काका: पोत्यात घालून पैठण रोडला सोडून या. मांजर लेकराचा श्वास ओढून घेतं म्हणतात.

बी-२०१ डॉक्टर (जनावरांचे): काका, श्वासबिस काही ओढत नाही. त्याला ऊब पाहिजे असते, अन् बाळाच्या दुपट्याइतकी ऊब घरात दुसरीकडं कुठं? धोका वेगळाच आहे. पहिले काही महिने लेकराला मान वळवून तोंड मोकळं करून घेता येत नाही. चार किलोचं जनावर तोंडाला टेकून झोपलं तर बाळ गुदमरू शकतं. म्हणून बाळ झोपतं त्या खोलीत बोका नको, एवढं पक्कं. आणि पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे.

ए-३०४: मग दार लावून घ्यावं का?

डॉक्टर: दार लावून कूलर कसा चालवाल? हवेला बाहेर जायला वाट नसली की खोली दमट होते, अन् दुपारी कुणीतरी दार उघडतंच. चौकटीला स्टीलच्या जाळीचा दरवाजा बसवा. नायलॉनची मच्छरजाळी नखानं फाटते. बोक्याची झोपायची जागा आजच हॉलमध्ये हलवा. बाळ आल्या दिवशी एकदम बाहेर काढलं तर बिथरतो, अन् मग दुपट्यांवर लघवी करतो. नसबंदी झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या.

ए-१०६ सिस्टर: छत्रीसारख्या मच्छरदाणीवर भरवसा ठेवू नका. वरून उडी पडली की काड्या दबतात अन् कापड लेकराच्या तोंडावर येतं. साडीच्या झोळीचं तर विचारूच नका.

ए-३०४: पाळण्यातून कसं उठवावं? हाकललं की परत जातो.

डॉक्टर: ओरडू नका, पाणी मारू नका. पाळण्यात ॲल्युमिनियमचं फॉइल पसरून ठेवा, पायाखाली ते वाजलेलं मांजराला आवडत नाही. बाळ यायच्या आत काढून टाका. दुसरं काम आवाजाचं. मोबाईलवर बाळाचं रडणं अगदी बारीक आवाजात लावा, तेही बोका खात असताना, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वाढवा. कान मागं पाडले किंवा ताटली सोडून गेला तर एक घर खाली या. घाई केली की रडण्याचा धसका बसतो, मग सगळं मुळापासून. डिलिव्हरीनंतर बाळाचं वापरलेलं टोपडं घरी पाठवा, ताटलीपासून चार हातांवर ठेवा. नाकाशी नेऊ नका, त्याचं तो हुंगेल.

ई-४०१ काकू: बोक्याच्या शी-शूचा वाळूचा डबा कोण काढतं? पोटुशीनं हात लावू नाही म्हणतात.

डॉक्टर: बरोबर आहे काकू, टोक्सोप्लाझ्मासाठी, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून येणारे, पोटातल्या बाळाला बाधणारे जंतू. पण विष्ठेतले जंतू लागट व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणी रोज डबा काढला तर धोका फार कमी. कच्चं मटण अन् न धुतलेली पालेभाजी यातूनही तेच जंतू येतात, ते कुणी विचारत नाही! डबा बाल्कनीत न्यायचा तर रोज हातभरच सरकवा. एकदम हलवला तर बोका जुन्याच कोपऱ्यात बसतो. लघवी पुसायला फिनेल, डेटॉल नको, पंजे चाटताना पोटात जातं अन् मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. एन्झाइमचं क्लीनर आणा.

सिस्टर: नखं दर दोन आठवड्यांनी, फक्त टोक कापा. आतला गुलाबी भाग सोडा, रक्त येतं. तरी ओरखडा आलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका, सरळ घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात न्या. रेबीजच्या कातडीत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, २८. रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजचं सीरमही (तयार प्रतिपिंडं) लागतं. बोक्याला रेबीजची लस दिलेली असली तरी लेकराला दाखवाच.

सी-१०२ काका: बरं. जाळीवाला उद्या दहाला माझ्याकडं यायलाय, तुमच्याकडंही पाठवतो. चौकटीचं माप घेऊन ठेवा. कडी वरच्या बाजूला लावायला सांगा, खालची तो पंजानं उघडील.