खुर्ची कोणाच्या मापाची? थीम पार्कमधील राइड आणि स्थूल व्यक्ती

गंगापूर रोडकर (धागाकर्ती)

थीम पार्कमधील थरारक राइडवर स्थूल किंवा मोठ्या बांध्याच्या व्यक्तींना बसता यावे, यासाठी उद्यानचालकांनी मुद्दाम सोय करावी का, हा प्रश्न चर्चेसाठी मांडत आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्याचा अर्थ कोणालाही कसेही बसवावे असा नाही, हे आधीच सांगते.

आमच्या कार्यालयाची सहल नाशिकहून परराज्यातील एका मोठ्या उद्यानात गेली होती. आमच्यातील एक सहकारी तरुणपणी तालमीत रमलेले, आजही रुंद छातीचे गृहस्थ आहेत. रोलर कोस्टरच्या रांगेत तासाभराहून अधिक वेळ उभे राहून ते खुर्चीत बसले, पण खांद्यांवरून खाली येणारा हार्नेस त्यांच्या छातीवर अडला. कर्मचाऱ्याने तो दोनदा दाबून पाहिला आणि मग गाडीतील सगळ्यांच्या देखत त्यांना उतरायला सांगितले. उतरवले ते योग्यच केले. माझा आक्षेप त्याआधीच्या तासाभराला आहे. प्रवेशद्वाराशी मुलांच्या उंचीसाठी रंगीत पट्टी होती, हृदयविकार आणि गर्भारपण यांविषयी सूचना होत्या. छातीचा किंवा कमरेचा घेर किती असला तर बसता येणार नाही, याचा मात्र कोठेही उल्लेख नव्हता. तिकीट सर्वांना सारख्याच दराचे होते.

हे जगात इतरत्र सुधारता आले आहे. अमेरिकेतील ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल उद्यानात 2010 साली 'फॉरबिडन जर्नी' ही राइड सुरू झाली, तेव्हा तिच्या खुर्चीत न मावणाऱ्यांच्या तक्रारी लगेच येऊ लागल्या. उद्यानाने राइडबाहेर चाचणीची खुर्ची ठेवली आणि राइडमधल्या काही खुर्च्यांत मोठ्या शरीरासाठी बदलही केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) आपल्या देशात 15 ते 49 या वयोगटातील 24 टक्के स्त्रिया आणि 22.9 टक्के पुरुष अतिवजन किंवा स्थूल या गटात मोडतात. एवढ्या मोठ्या गटाचा विचार खुर्ची घडवतानाच व्हायला हवा, असे मला वाटते.

सातपूरचा यंत्रज्ञ

ताई, सूचनाफलकाविषयीचे आपले म्हणणे मान्य आहे. खुर्च्या बदलण्याविषयीचे नाही.

राइडमधला दांडा किंवा हार्नेस माणसाला केवळ धरून ठेवत नाही. राइडच्या वेगबदलानुसार त्याचे वर्ग ठरवलेले असतात. अमेरिकेतील एएसटीएम एफ 2291 या मानकात असे पाच वर्ग आहेत आणि सर्वांत वरच्या वर्गात एक कुलूप निकामी झाले तरी दुसऱ्याने भार पेलला पाहिजे, अशी अपेक्षा असते. गाडी चढावरून माथा ओलांडते, तेव्हा शरीर खुर्चीतून वर उचलले जाते. त्या क्षणी मांडीवरचा दांडा मांड्यांवर आणि ओटीपोटाच्या हाडाजवळ टेकलेला असला तरच माणूस जागेवर राहतो. पोट मोठे असेल तर दांडा आधी पोटावर टेकतो, कर्मचाऱ्याला तो घट्ट बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पोटाचा मऊ भाग दबतो आणि मांडीवर फट तयार होते. दांडा लागला आणि माणूस धरला गेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'सोय करून देणे' कोठे जाऊ शकते, याचे उदाहरण ऑर्लँडोचेच आहे. 24 मार्च 2022 रोजी तेथील 'फ्रीफॉल' या उंच मनोऱ्यावरून खाली येणाऱ्या राइडमधून एक 14 वर्षांचा मुलगा पडून मृत्युमुखी पडला. त्याचे वजन 170 किलोंपेक्षा अधिक होते आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादा सुमारे 130 किलोंची होती. चौकशीत आढळले, की दोन खुर्च्यांच्या सेन्सरमध्ये हाताने फेरफार करून हार्नेस नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट उघडा राहिला तरी 'बंद' दाखवेल असे केले गेले होते. यंत्राने हिरवा दिवा दाखवला आणि राइड सुटली. मोठ्या शरीरासाठी जागा करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि मागणीचा दबाव वाढला की आपल्याकडेही पहिल्यांदा हाच मार्ग चोखाळला जाईल, अशी मला रास्त भीती वाटते.

पंचवटीची वाचक

यंत्रज्ञ साहेबांनी दिलेला दाखला धागाकर्तीच्या बाजूचा आहे, असे मला वाटते. 130 किलोंची मर्यादा पुस्तिकेत छापलेली होती, पण पुस्तिका कार्यालयात असते आणि माणूस रांगेत असतो. वाढीव मापाची, दुहेरी कुलपाची, कारखान्यातच तपासून आलेली खुर्ची असणे आणि जागेवर पाना फिरवून सेन्सर ढिला करणे, या दोन्हींना एकाच शब्दात 'सोय' म्हणणे अन्यायाचे आहे. अधिकृत खुर्ची उपलब्ध नसते तेथेच जुगाड जन्माला येतो, हे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला मी सांगण्याची गरज नसावी.

इंदिरानगरचे आजोबा

माझे मत कदाचित कटू वाटेल. सप्तशृंगगडावर सुमारे पाचशे पायऱ्या चढणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी 2018 साली फ्युनिक्युलर ट्रॉली (रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी) सुरू झाली, ते योग्यच झाले, कारण देवीचे दर्शन हा श्रद्धेचा विषय आहे आणि वृद्ध, आजारी, स्थूल अशा सर्वांना तेथे जाता आले पाहिजे. रोलर कोस्टर ही चैनीची वस्तू आहे. एखाद्याला ती मिळाली नाही, तर त्याच्या आयुष्यात काही उणे राहत नाही. अशा चैनीसाठी खासगी मालकाने लाखोंचा खर्च करावा आणि तो तिकिटात मिळवून सडपातळ माणसाकडूनही वसूल करावा, हे मला पटत नाही. शिवाय, वजन थोडे कमी करण्याची प्रेरणा अशा प्रसंगातून मिळाली तर त्यात वाईट काय?

कॉलेज रोडचा वैद्यक

आजोबा, शेवटच्या वाक्यापुरते लिहितो. चारचौघांत झालेल्या अपमानातून वजन उतरते, असा माझा अनुभव नाही. अशी माणसे पुढे सहलीला जाणे टाळतात आणि तपासणीलाही उशिरा येतात. थायरॉइडचे विकार, पीसीओएस (स्त्रियांमधील संप्रेरकांचा विकार), दीर्घकाळ घ्यावी लागणारी स्टेरॉइड, अंगातच असलेला मोठा हाडापेराचा बांधा, यांपैकी काय आहे हे रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही दिसत नाही.

मात्र धागाकर्तीच्या आकडेवारीलाही माझी हरकत आहे. त्या पाहणीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 25 किंवा त्याहून अधिक असणाऱ्या सर्वांची गणना होते. 165 सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी हे वजन सुमारे 68 किलो होते, आणि 68 किलोंच्या माणसाला कोणत्याही खुर्चीत अडचण येत नाही. 24 टक्के हा आकडा मधुमेहाच्या चर्चेत भयावह आहे. हार्नेसच्या चर्चेत तो जवळजवळ निरुपयोगी आहे. येथे वजनापेक्षा चरबी कोठे साठली आहे, छाती किती खोल आहे आणि धड किती लांब आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. शंभर किलोंचे दोघे जण एकाच खुर्चीत बसवले तर एकाचा दांडा लागेल आणि दुसऱ्याचा लागणार नाही. म्हणून 'अमुक किलोपर्यंत प्रवेश' असा एकच फलक लावणेही पुरेसे नाही.

जत्रेतला पाळणेवाला

आमच्या घरात दोन पिढ्या जत्रांमध्ये पाळणे उभारण्याचा व्यवसाय आहे. नवरात्रात कालिका मातेच्या यात्रेत आमचा आकाशपाळणा अनेक वेळा लागलेला आहे, म्हणून लिहितो. येथील चर्चा मोठ्या उद्यानांची चालली आहे, पण नाशिकमधील बहुतेक लोक राइडमध्ये बसतात ते जत्रेत, ही गोष्ट कोणी बोलत नाही.

आकाशपाळण्यात स्थूल माणसाला बसवणे कठीण नाही, फक्त भार तोलावा लागतो. एका बाजूचे डबे जड आणि समोरचे रिकामे राहिले तर चक्र झोके खाते आणि मोटारीवर ताण येतो. म्हणून आमचा माणूस डबे भरताना समोरासमोर भरतो, आणि हे सर्व तो नजरेच्या अंदाजाने करतो. खरी अडचण आडव्या सामायिक दांड्याची आहे. ब्रेकडान्स किंवा ड्रॅगनसारख्या राइडमध्ये दोघा-तिघांना मिळून एकच दांडा असतो आणि तो सर्वांत मोठ्या पोटाच्या माणसापाशी थांबतो. त्याच्या शेजारी त्याचाच सात-आठ वर्षांचा मुलगा बसलेला असेल, तर मुलाच्या मांडीवर वीतभर जागा मोकळी राहते. वडील सुरक्षित आणि मुलगा दांड्याखालून निसटण्याच्या बेतात, अशी ती स्थिती असते. आम्ही अशा वेळी दोघांना वेगळे बसवतो. त्यावरून भांडणे होतात, 'लेकराला एकटे कसे बसवू' असे विचारले जाते, आणि गर्दीच्या रात्री नवखा ऑपरेटर भांडण टाळण्यासाठी दोघांना एकत्र बसू देतो, हेही खरे आहे.

मोठी खुर्ची करा, हे सांगणे सोपे आहे. आमचे पाळणे सेकंडहँड येतात, ट्रकमधून सुटे करून नेले जातात आणि परवानगीच्या वेळी त्यांची यांत्रिक तपासणी होते. त्यातल्या एका डब्याचा दांडा आम्ही स्वतः कापून जोडला, तर तपासनीस तो नापास करील आणि ते बरोबरच होईल.

गंगापूर रोडकर (धागाकर्ती)

पाळणेवाले दादांच्या प्रतिसादाने या धाग्याला वजन आले. सामायिक दांड्यामुळे स्थूल व्यक्तीचा प्रश्न शेजारच्या लहान मुलाचा प्रश्न होतो, आणि म्हणूनच प्रत्येक आसनाला स्वतंत्र दांडा असलेली राइड विकत घेणे ही मागणी फक्त स्थूल व्यक्तींसाठी आहे असे म्हणता येणार नाही.

यंत्रज्ञ साहेब, कारखान्यातूनच मोठी खुर्ची येऊ शकते. बोलिजर आणि माबिलार या स्विस कंपनीच्या अनेक रोलर कोस्टरांच्या गाड्यांत ठरावीक रांगांतील खुर्च्यांना हार्नेस खुर्चीशी जोडणारे एकाऐवजी दोन पट्टे असतात आणि तेथे रुंद छातीची माणसे बसू शकतात. खोपोलीजवळच्या इमॅजिकातील 'नायट्रो' हा 2013 मध्ये सुरू झालेला कोस्टरही याच कंपनीने बनवलेला आहे, म्हणजे हे तंत्र बनवणारे भारतात येऊन गेलेले आहेत. सगळ्या खुर्च्या मोठ्या कराव्यात असे मी म्हणतच नाही. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल उद्यानात 2023 साली आलेल्या मारियो कार्टच्या राइडने 40 इंच किंवा त्याहून अधिक कमरेच्या लोकांना कदाचित बसता येणार नाही असे आधीच जाहीर केले, तेव्हा त्यावर पुष्कळ टीका झाली. मला ती टीका अर्धीच पटते: कोऱ्या पाटीवर आखलेली, कुटुंबांसाठीची राइड इतकी अरुंद का केली, हा प्रश्न योग्य आहे, पण माप आधी सांगितले हे उत्तमच झाले.

आजोबांना एवढेच सांगते, की अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत स्थूलतेचा समावेश नाही, त्यामुळे कायद्याने ही सोय हक्क म्हणून मागता येईल असा माझा दावा नाही. पैसे घेताना महत्त्वाची अट न सांगणे हा मात्र ग्राहकाचा प्रश्न आहे, आणि तो चैनीच्या वस्तूलाही लागू होतो.

नाशिक रोडचा प्रवासी

विमानात स्थूल प्रवाशाने मागितल्यास पट्ट्याला जोडायचा लांब तुकडा मिळतो. तोच राइडवर का देत नाहीत? इतका साधा उपाय असताना चर्चा का लांबली आहे, हे कळत नाही.

सातपूरचा यंत्रज्ञ

कारण विमानातला पट्टा धरून ठेवतो, तर हार्नेसला जोडलेला राइडचा पट्टा धरण्याबरोबरच मोजतोही. त्याची लांबी मुद्दाम ठरवलेली असते. हार्नेस किमान मर्यादेपर्यंत खाली आला नसेल, तर पट्टा कुलपापर्यंत पोहोचत नाही आणि कर्मचाऱ्याला न बोलता उत्तर मिळते. त्याला तुकडा जोडला की फूटपट्टीचे आकडे पुसल्यासारखे होईल.

धागाकर्ती ताईंच्या दोन पट्ट्यांच्या खुर्च्या मला माहीत आहेत. त्यांतही मर्यादा असतेच, फक्त ती पुढे सरकते, आणि त्या सरकलेल्या मर्यादेवर पुन्हा कोणीतरी उतरवला जाणारच आहे. दुसरे असे, की ठरावीक रांगेतच बसता येत असेल, तर फलाटावर माणसांची फेरमांडणी करावी लागते, प्रत्येक फेरीला विलंब होतो आणि मागची रांग ओरडू लागते. त्या गडबडीत होणाऱ्या चुका कागदावर दिसत नाहीत. 2011 साली न्यूयॉर्क राज्यातील डॅरियन लेक येथे दोन्ही पाय गमावलेल्या माजी सैनिकाला कर्मचाऱ्यांनी कोस्टरवर बसू दिले. दोन्ही पाय असणे आवश्यक, असा उद्यानाचा लेखी नियम होता, कारण दांडा मांड्यांवरच टेकणार होता. तो माणूस गाडीतून फेकला जाऊन मरण पावला. त्या कर्मचाऱ्यांच्या मनात वाईट काहीच नसणार. म्हणून निर्णय फलाटावरच्या विशीतल्या मुलाच्या सहानुभूतीवर सोडू नये, तो रांगेच्या आधी, मापाने व्हावा. चाचणीच्या खुर्चीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, अट एवढीच की तिचे सेन्सर आणि पट्टे मूळ गाडीइतक्याच नियमाने तपासले जावेत. उन्हापावसात पडून सैल झालेली चाचणीची खुर्ची खोटा दिलासा देते.

इंदिरानगरचे आजोबा

आणि ती चाचणीची खुर्ची भर चौकात ठेवणार ना? मग चारचौघांतला अपमान फलाटावरून प्रवेशद्वारापाशी आला, एवढेच झाले. वैद्यक महाशयांना हे चालेल का?

पंचवटीची वाचक

आजोबांचा हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. खुर्ची आडोशाला ठेवता येते, आणि छाती-कमरेची मापे संकेतस्थळावर सेंटिमीटरमध्ये दिली तर अनेकांना ती खुर्ची गाठण्याचीही गरज पडणार नाही. घरी शिंप्याचा टेप असतो. परंतु यंत्रज्ञ साहेबांच्या 'मर्यादा सरकली तरी कोणीतरी उतरवला जाणारच' या युक्तिवादाशी मी सहमत नाही. मर्यादा सरकल्याने ज्यांना बसता आले, त्यांच्या दृष्टीने ती सरकणेच महत्त्वाचे होते. फेरीला विलंब होतो म्हणून ठरावीक रांगा नकोत, हा सुरक्षेचा मुद्दा राहत नाही, तो उद्यानाच्या उत्पन्नाचा होतो, आणि उत्पन्नाचा मुद्दा सुरक्षेच्या नावाने मांडला जाऊ नये एवढीच माझी अपेक्षा आहे.

जत्रेतला पाळणेवाला

जत्रेत संकेतस्थळ नसते, ताई. आमच्याकडे तिकीटखिडकीवर खडूने लिहिता येते, आणि सामायिक दांड्याच्या राइडवर 'मोठ्या माणसाशेजारी लहान मूल बसवले जाणार नाही' हे यंदापासून आम्ही लिहू. तिकीट फाडण्याआधी सांगितले तर निम्मी भांडणे होणार नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी पैसे परत देण्याची तयारी मालकाने ठेवावी लागेल, आणि ती ठेवायला आमच्या धंद्यातले सगळे तयार होतील असे मला वाटत नाही.