खटारा, डबडं की भंगार?

प्रश्न : ठाण्यात जुन्या गाडीला कोणी खटारा म्हणतं, कोणी डबडं. अर्थ एकच का? आणि 'खटारा गाड्या' म्हणायचं की 'खटाऱ्या गाड्या'?

उत्तर : एकच नाही. खटारा म्हणजे मुळात मालाची बैलगाडी. पुढे हे नाव खडखडणाऱ्या मोटारीला चिकटलं. म्हणून खटारा वाजला पाहिजे आणि चालताही असला पाहिजे. नीट राखलेल्या वीस वर्षांच्या गाडीला खटारा म्हणणं हा शब्दावरही अन्याय आणि गाडीवरही.

वाजण्याची कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात. खड्ड्यात पुढून खटखट आली तर आधी लिंक रॉड आणि लोअर आर्म या चाकाजवळच्या जोडदांड्यांचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, बघावेत. रबर चिरलं की लोखंड लोखंडावर आपटतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टकटक झाली, तर ॲक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट गेलेला. त्याचा रबरी बूट (वरचं आवरण) फाटतो, ग्रीस बाहेर पडतं, आत चिखल जातो. इंजिन चालू ठेवलेल्या उभ्या गाडीत सगळी बॉडी थरथरली तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे रबरी आधार, तपासा.

विशेषण म्हणून खटारा बदलत नाही : खटारा रिक्षा, खटारा गाड्या. नाम असेल तर खटारे, खटाऱ्यात.

दुसरं उत्तर : डबडं पत्र्यावरून आलं. खाडीकाठी, कोपरी-ऐरोलीकडे, खारी दमट हवा पत्रा खाते. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. ती चिखलानं बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. रंगाला फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पावसाळ्याआधी काडीनं भोकं मोकळी करा, मॅट उचलून खाली ओल आहे का बघा. इंजिन ठणठणीत असूनही गाडी डबडं होते, ती अशी.

आणखी एक : गुजराती शेजाऱ्याचा 'खटारो' म्हणजे साधा ट्रक. त्यात हेटाळणी नाही, उगाच रागावू नका.

प्रश्न : मग भंगार कधी?

उत्तर : चालणं संपून किलोवर विकायची वेळ आली की. १५ वर्षं झाली म्हणून नव्हे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. मग तपासणीत पास झाली तर ती ५-५ वर्षांनी वाढते, ठाण्याची एमएच ०४ असो की नवी मुंबईची एमएच ४३. 'विंटेज'ही जपून वापरा. २०२१ च्या केंद्रीय नियमांत त्याला ५० वर्षांची अट आहे. १९९८ च्या पद्मिनीला 'जुनी' म्हणा.