मन मोकळे करण्यासाठी ब्लॉग: खुला ठेवावा की खाजगी?

सांजतारा:
नमस्कार. गेले काही महिने मन सतत अस्वस्थ असते. समुपदेशन सुरू आहे आणि त्याचा उपयोगही होतो आहे. परंतु दोन भेटींच्या मधल्या काळात डोक्यात जे साचत जाते, ते कुठेतरी उतरवून ठेवावे असे वाटू लागले आहे. वहीत लिहून पाहिले, पण ती कुणाच्या हाती लागेल या धास्तीने हात आखडतो, आणि केवळ स्वतःसाठी लिहायचे म्हटले की वाक्ये अर्धवटच राहतात. वाचणारे कुणी असेल तर ती पूर्ण करावी लागतील, या विचाराने ब्लॉग सुरू करावा म्हणते. तो खुला असावा की खाजगी, हे ठरत नाही. शिवाय लिहून उठल्यावर कधी कधी आधीपेक्षा जड वाटते, ते स्वाभाविक आहे का? ज्यांनी असे लेखन टिकवले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

रुजवण:
जड वाटण्याबद्दल आधी सांगतो, कारण बहुतेकांचे लेखन तिथेच थांबते. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटे लिहायला सांगितले होते. आयुष्यातील क्लेशदायक घटना आणि त्याविषयीच्या भावना असे दोन्ही लिहिणाऱ्यांची मनःस्थिती लेखनानंतर लगेच खालावलेली दिसली. पुढच्या 6 महिन्यांत मात्र आरोग्यकेंद्रात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. तेव्हा थोडा वेळ जड वाटणे अपेक्षितच आहे. अर्थात, फार मोठ्या आशाही बाळगू नका. जोॲन फ्रॅटारोली यांनी 2006 मध्ये अशा 146 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरासरी फायदा खरा, पण लहान निघाला.

माझ्या मते महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कोणाला अधिक बरे वाटले हे पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी नंतर लेखनातील शब्दांवरून तपासले, तेव्हा ज्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आले’, ‘म्हणून’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले त्यांच्यात सुधारणा जास्त आढळली. ‘माझे कुणालाच काही पडलेले नाही’ हे वाक्य कितीही वेळा लिहिले तरी तिथेच घुटमळते. ‘काल मी बोलत असताना ती फोन पाहत होती, आणि मला राग येण्याऐवजी एकदम गप्प व्हावेसे वाटले, कारण लहानपणीही मी असाच गप्प होत असे’ या वाक्याला पुढे जायला वाट आहे. नुसते ओतून टाकणे आणि घडलेल्याची संगती लावणे यांत हा फरक आहे, आणि तुम्ही म्हणता ती ‘पूर्ण वाक्ये’ म्हणूनच कामाची आहेत.

काठावरचा:
खुला की खाजगी, याविषयी. इस्रायलमध्ये मेयरान बोनिएल-निस्सिम आणि अझी बराक यांनी सामाजिक व भावनिक अडचणी असलेल्या 161 किशोरवयीनांवर 10 आठवड्यांचा प्रयोग केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्लॉग लिहिणाऱ्या गटांत सुधारणा दिसली, आणि आपल्या अडचणींविषयी लिहून प्रतिसाद खुले ठेवणाऱ्यांना सर्वाधिक लाभ झाला. यावरून ‘खुलाच ठेवा’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्या मुलांना मिळालेले प्रतिसाद बहुतांशी आपुलकीचे होते, आणि तशी हमी आपल्याला कुणी देत नाही.

मी मधला मार्ग सुचवेन. ब्लॉगर या ब्लॉगसेवेवर ठरावीक वाचकांनाच प्रवेश देता येतो; वर्डप्रेसवर संपूर्ण ब्लॉग किंवा एखादीच नोंद खाजगी ठेवता येते. ताजे, कच्चे लेखन मसुद्यातच राहू द्या आणि भावना निवल्यावर त्यातले काय बाहेर जावे ते ठरवा. टोपणनाव घेतले तरी कार्यालय, नातेसंबंध, आजार आणि तारखा एकत्र आल्या की ओळखीच्या माणसाला लेखिका कोण हे समजायला वेळ लागत नाही. तसेच, एकदा खुली झालेली नोंद पुसली तरी तिची प्रत दुसरीकडे उरू शकते. आणखी एक गोष्ट, जी आपण सहसा विसरतो: आपल्या दुःखाच्या कथेत इतरही पात्रे असतात आणि त्यांनी कुणीही आपल्याला परवानगी दिलेली नसते.

निरंतर:
थोडा विरोधी सूर लावतो. सर्वांनाच लेखन मानवते असे नाही. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांच्या 2013 मधील अभ्यासात, नुकत्याच विभक्त झालेल्या व्यक्तींपैकी जे आधीच घटनेचा अर्थ शोधत, तेच ते उगाळत बसले होते, त्यांना भावनांविषयी लिहिण्याने उलट त्रास झाला. रोजचा साधा दिनक्रम लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे राहिले. रुजवण यांनी सुचवलेली संगती लावणेही अशा माणसाच्या हाती नवे उगाळणेच होऊन बसते. ज्या विषयावर लिहिताना तोल जाईल असे वाटते, त्यावर लिहूच नये, असे स्वतः पेनेबेकरही सांगतात. जडपणा एखाद्या दिवसात ओसरत नसेल, झोप उडत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर लेखन थांबवून समुपदेशकांशी लगेच बोलावे. पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

सांजतारा:
सर्वांचे मनापासून आभार. तेच ते उगाळण्याची सवय मला आहे, हे मान्य करावे लागेल. मग लेखन रोज करावे की नाही? आणि खंड पडला तर?

रुजवण:
निरंतर यांचा मुद्दा रास्त आहे. तुमच्या बाबतीत रोजचा नेम नको. आठवड्यातून एक-दोनदा, घड्याळ लावून लिहा आणि वेळ संपली की उठा. उगाळणे सुरू झाले असे वाटले तर विषय बदलून त्या दिवशी काय काय केले एवढेच लिहा. तीही नोंदच आहे. खंड पडल्यावर ‘बरेच दिवसांत लिहिले नाही, क्षमस्व’ अशी सुरुवात करू नका, कारण आपण कुणाचे देणे लागत नाही. सुरुवातीचे काही महिने प्रतिसाद बंद ठेवा आणि वाचकसंख्येच्या पानाकडे फिरकूही नका. ब्लॉग सुरू ठेवायचा की नाही हे त्या आकड्यावरून ठरू लागले, की लेखनाचा विषयही तोच आकडा ठरवतो. एखादी नोंद समुपदेशकांना दाखवावीशी वाटली तर तेवढीच छापून न्या. सबंध ब्लॉगचा पत्ता देण्याची गरज नाही.