मदत हवी आहे: द्राक्षांचा लॅब रिपोर्ट गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकू की नको?

निफाडचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय.

निफाड तालुक्यात आमची तीन एकर थॉमसन (द्राक्षाची जात) आहे. दोन एकरांचा माल व्यापारी उचलतो. उरलेला एक एकर मी गेली चार वर्षं पुण्यातल्या दोन सोसायट्यांना थेट देतो. दोन किलोची पेटी, गेटवर टेम्पो लावायचा, दोन तासांत माल संपतो. आता घरोबा झालाय. गेल्या वर्षी एका काकूंनी टेम्पोवरच्या पोरांसाठी पोहे करून आणले होते.

यंदा काढणीला आठ दिवस असताना सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कोणीतरी द्राक्षं मिठाच्या पाण्यात बुडवतं, पाणी दुधी होतं आणि मागून आवाज येतो, "बघा, हे विष आपण पोरांना चारतो." खाली लगेच माझ्या नावाने प्रश्न सुरू. संध्याकाळी त्याच पोहेवाल्या काकूंचा फोन. मुलीला सातवा लागलाय, माहेरी आलीय. म्हणाल्या, "दादा, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण औषध मारलेलं नाही एवढं फक्त लिहून द्या."

हे मी लिहून देऊ शकत नाही, कारण मारलंय. डायरी पुढ्यात आहे. ९ ऑक्टोबरची छाटणी, तेव्हापासून ब्लोअर (ट्रॅक्टरवरचा फवारणीचा पंप) ५३ वेळा बागेत फिरला. त्यात विद्राव्य खतं आली, मणी फुगवायचं जीए आलं, पण निम्म्याच्या वर बुरशीनाशकं आणि कीटकनाशकंच. नोव्हेंबरात पाऊस चार दिवस बसून राहिला तेव्हा डाऊनीच्या, म्हणजे पानाघडावर येणाऱ्या बुरशीच्या, धास्तीने एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ फवारलंय. फुलोऱ्यात डाऊनी घडावर गेली की वर्ष गेलंच म्हणून समजा.

आमच्या ओट्याजवळ मांडवावर एक वेल आहे, तिला कधीच काही मारत नाही. डिसेंबरात सोसायटीची चार माणसं बाग बघायला आली होती. त्यातले एक हसून म्हणाले, "हा घरच्यांसाठी वेगळा ठेवलाय वाटतं!" मी पान उलटं करून दाखवलं, खाली पांढरा कापूस धरलेला. घड तपकिरी पडून वाळलेले, हात लावला की मणी गळायचे. आमची पोरं बागेतलीच द्राक्षं खातात, काढणीच्या वेळी. हे सांगून त्यांना पटलं की नाही, देव जाणे.

आता मुद्दा. थेट विक्रीच्या प्लॉटचा नमुना मी स्वखर्चाने लॅबला दिला होता. रिपोर्टात सात औषधं निघाली आहेत. सातही मर्यादेच्या बरीच खाली. व्यापारी तो कागद बघून म्हणाला, "माल एकदम क्लीन." काकूंना त्याच कागदावर सात विषांची यादी दिसेल. तर हा रिपोर्ट ग्रुपवर टाकू का? टाकला तर समजावून कसा सांगू? आणि द्राक्षं धुण्याबद्दल खरं काय सांगायचं?

(ब्लोअर आप्पाच, माझे वडीलच, चालवतात. संध्याकाळी डोकं धरून बसतात, तेव्हा आम्ही म्हणतो उन्हाने असेल. ते जाऊ द्या, विषय वेगळा आहे.)

कोथरूडकर_आई

स्पष्ट बोलते, राग मानू नका. सात नावं बघून मी ऑर्डर रद्द केली असती. पण तुम्ही रिपोर्ट दाबला आणि मला दुसरीकडून कळलं, तर पुन्हा कधीच तुमच्याकडून घेतलं नसतं. म्हणजे टाकाच. एक विनंती: "मर्यादेत आहे" हे वाक्य तेवढं टाळा. बिल्डरपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तेच म्हणतात. मर्यादा कोणी ठरवली आणि कशावरून, ते सांगा.

रसायनवाला

लॅबमध्ये आयुष्य गेलंय, म्हणून मर्यादेबद्दल थोडं सविस्तर.

रिपोर्टातली एमआरएल, म्हणजे फळात औषध किती उरलेलं चालेल ती मर्यादा, ही विषाची रेघ नाही. लेबलप्रमाणे औषध वापरलं आणि काढणीपूर्व दिवस, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस, पाळले, तर फळात जास्तीत जास्त किती उरेल हे शेतात प्रयोग करून बघतात, त्यावरून ती ठरते. ती ओलांडली म्हणजे आधी हे सिद्ध होतं की शेतकऱ्याने नियम मोडला. तब्येतीचं माप वेगळं असतं, एडीआय, म्हणजे माणसाने रोज, आयुष्यभर खाल्लं तरी चालेल असं प्रमाण. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला काहीच अपाय दिसत नाही, तिला साधारण १०० ने भागून ते काढतात. एमआरएल मान्य करताना ती या मापात बसते का तेही तपासलं जातं.

युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो धरतात. म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम. दहा टनी दहा ट्रक द्राक्षं, त्यात मिळून एक ग्रॅम. हे फक्त मापाचा अंदाज यावा म्हणून. काकूंना हे ऐकवू नका, भीती ट्रकांनी मोजून जात नाही.

एका शंकेला मात्र माझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही, आणि ती रास्त आहे. मर्यादा एकेका औषधाची ठरते. सात मिळून शरीरात काय करतात, हा हिशोब फारच थोड्या गटांपुरता झालाय. कोणी विचारलं तर हे कबूल करा.

निफाडचा_बागायतदार

@रसायनवाला, आभार. काढणीपूर्व दिवसांचं म्हणाल तर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी, आमच्याकडे जिला सगळे 'ॲनेक्श्चर फाइव्ह' म्हणतात, ती भिंतीवरच लावलीय. शेवटचं बुरशीनाशक ४ जानेवारीचं. त्यानंतर भुरीला (हाही बुरशीचा रोग) ट्रायकोडर्मा आणि बॅसिलस ही जैविक औषधं, बाकी काही नाही.

तासगावचा_गडी

दादा, पहिलं त्या व्हिडिओचं सांगा लोकांना. द्राक्षावर पांढुरकं दिसतं ती लव हाय, मण्याचं स्वतःचं मेण. ती टिकावी म्हणून आम्ही घडाला हात लावत न्हाई, देठाला धरून पेटीत ठेवतो. लव गेलेला माल व्यापारी पाडून मागतो. औषधाचा डाग वेगळा दिसतो: थेंब मण्याच्या बुडाशी वाळतो, त्याची गोल कड राहती. लव सगळीकडं सारखी असती आन् बोटानं पुसली जाती. दोन्ही मणी शेजारी ठेवून फोटो टाका, शंभर शब्द वाचतील.

पण फोटोतनं रेसिड्यू, म्हंजी औषधाचा उरलेला अंश, दिसत न्हाई, तेबी सांगा. २०१० आठवतंय का? युरोपात आपला माल अडकला होता. क्लोरमेक्वाट, आपलं वाढ रोखायचं लिहोसीन. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. मारलं कवा, तर एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर, काडी तयार करताना, घडाचा पत्ता नसताना. तरी वेलीत राहिलं आन् फळात उतरलं. फळ चकाचक होतं, पैसं बुडलं. आमच्या गावात लय जणांनी तवापासनं डायरी लिहायला घेतली, आधी कोण लिहीत हुतं?

रॉटरडॅमवासी

इथे मार्च-एप्रिलमध्ये सुपरमार्केटात भारतीय द्राक्षं दिसतात, तेव्हा उगाच ऊर भरून येतो. इथल्या काही साखळ्या कायद्याच्या एमआरएलवरही समाधान मानत नाहीत. त्यांना मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच चालतं, शिवाय एका नमुन्यात एकूण औषधं किती सापडावीत त्यालाही कमाल आकडा ठरवलेला असतो. म्हणजे काकूंची तक्रार, "सात कशाला?", युरोपातल्या खरेदीदाराचीही आहे. त्यांना अडाणी समजू नका.

निफाडचा_बागायतदार

समजत नाही हो. उलट लाज वाटते. युरोपला जाणारा प्लॉट ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी नोंदणी) नोंदवावा लागतो, नमुना तपासल्याशिवाय कंटेनर हलत नाही. इथे बाजार समितीत पेटीमागे कोण रिपोर्ट मागतो? माझाही मी मनानेच काढला, कोणी सांगितला नव्हता.

कोथरूडकर_आई

धुण्याचं राहिलं. मीठ, व्हिनेगर, सोडा, की ते बाटलीतलं व्हेजी वॉश?

रसायनवाला

नळाच्या वाहत्या पाण्याखाली, बोटांनी चोळून, मिनिट-दोन मिनिटं. साबण नको. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला होता. खायच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं नुसत्या पाण्यापेक्षा बरीच चांगली निघाली. पण त्यातलं जे सालीच्या आत मुरलं होतं, ते राहिलंच. द्राक्षाची साल तर आपण खातोच. स्पर्शजन्य, म्हणजे वरच बसणारं, औषध धुऊन कमी होतं, आंतरप्रवाही, म्हणजे झाडात मुरणारं, आत गेलं की पाण्याच्या हाती नसतं. तिथे कामाला येतात ते काढणीपूर्व दिवस. आणि खायच्या वेळीच धुवा. लव गेली की फ्रीजमध्येही द्राक्षं लवकर नासतात.

आणखी एक. पेटीवर 'विषमुक्त' छापू नका. हल्ली सगळे छापतात.

निफाडचा_बागायतदार

त्या शब्दाची मलाच चीड आहे.

पीएचसी_सिस्टर

धागा सगळा वाचला. सगळे मण्यावर बोलताय. आप्पांचं डोकं तुम्ही कंसात टाकलंत, त्यावर कोणीच काही बोललं नाही.

ट्रॅक्टरला केबिन आहे का? तोंडाला काय बांधतात? गमछा असेल तर तो ओला होऊन औषध नाकाशी धरून ठेवतो. डोकेदुखीसोबत मळमळ, घाम, लाळ सुटणं, डोळ्यापुढे अंधारी, असं काही होतं का? ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातलं काही वापरलं असेल तर रक्तातलं कोलिनेस्टरेज (या औषधांनी कमी होणारं एन्झाइम) तपासता येतं. ते हंगामाच्या आधी एकदा आणि मग हंगामात एकदा केलं तर खरं कळतं, कारण माणसागणिक मूळचा आकडा वेगळा असतो. डॉक्टरकडे जाताना बाटल्यांच्या लेबलांचे फोटो न्या. 'द्राक्षाचं औषध' एवढ्यावर डॉक्टर काय करणार?

हिरव्या त्रिकोणाच्या, म्हणजे सगळ्यात कमी विषारी समजल्या जाणाऱ्या, बाटलीला हातमोजे लागत नाहीत असा गावोगाव समज आहे. त्रिकोणाचा रंग एका झटक्यात होणाऱ्या विषबाधेचा असतो. तीस वर्षं रोज अंगावर उडालं तर काय, ते त्यावर लिहिलेलं नसतं.

२०१७ ला यवतमाळात फवारणी करताना २० हून अधिक माणसं गेली. कापूस डोक्याएवढा वाढलेला, फवारा तोंडावर. ती सगळी उघड्यावर काम करणारीच माणसं होती, कापूस विकत घेणारं कोणी नव्हतं त्यात.

निफाडचा_बागायतदार

सिस्टर, दोन दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहू कळेना.

केबिन नाही. मास्क आहे, तीन वर्षांपूर्वीचा, पंपघराच्या खिळ्याला. पेस्टिंगच्या दिवशी आम्ही गड्यांना दम देतो की चार दिवस दारूला शिवायचं नाही, कारण छाटलेल्या काडीच्या डोळ्यांवर, म्हणजे फुटणाऱ्या कोंबांवर, लावायच्या त्या औषधावर दारू घेतली की तोंड लालभडक होतं, छाती धडधडते. एकाला तसं झालेलं बघितलंय. पेठ-सुरगाण्याच्या बाया जीएचं डिपिंग करतात, म्हणजे घड जीएच्या पाण्यात बुडवतात, तेव्हा आई हातमोज्यांची मोजदाद करते. बाकी सगळ्यांची काळजी घेतो. आप्पांना कोण सांगणार? ते म्हणतात, "मला काय होतंय, तुझ्या जन्माआधीपासून मारतोय." मळमळ होते. विचारल्यावर काल कबूल केलं.

अपडेट, ज्यांनी वेळ दिला त्यांच्यासाठी:

परवा ग्रुपवर टाकलं. पहिलं वाक्य असं: "काकू आणि सर्व मंडळी, औषध मारलेलं आहे." मग शेवटच्या फवारणीची तारीख, डायरीच्या दोन पानांचे फोटो, अख्खा रिपोर्ट, आणि तासगावच्या भाऊंनी सांगितला तसा दोन मण्यांचा फोटो. मर्यादा म्हणजे काय ते चार ओळींत. सात मिळून काय होतं याचं पक्कं उत्तर कोणाकडे नाही, हेही लिहिलं. लिहिताना हात थबकला, पण ठेवलं. ज्यांना नको त्यांचे पैसे परत.

१३० पेट्यांपैकी ४१ रद्द झाल्या. एका गृहस्थांनी लिहिलं, "प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद, पण आम्ही यंदा संत्री घेऊ." संत्र्यावर काही मारत नाहीत असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे. पुढच्या दोन दिवसांत १८ नव्या आल्या, दुसऱ्या सोसायटीतून. काकूंनी नेहमीच्या चारऐवजी एकच ठेवली. "मुलीला नाही देणार दादा, आम्ही दोघंच खाऊ." ठीक आहे.

राहिलेला माल बेदाण्याला देऊन टाकेन.

आप्पांना काल तालुक्याला नेलं, रक्त दिलंय, रिपोर्ट सोमवारी. गाडीत बसेपर्यंत भांडत होते. डॉक्टरांनी कार्बन काडतुसाचा मास्क वापरा म्हणून लिहून दिलं. आजच एक आणला. आप्पांच्या मिशीमुळे तो कडेने बसत नाही, आणि श्वास सोडला की चष्म्यावर वाफ धरते, मग ओळीतून ट्रॅक्टर काढताना तार दिसत नाही. मिशी काढा म्हणायची माझी छाती नाही. जाड मिशी आणि चष्मा असलेल्या कोणी ब्लोअरवर असा मास्क वापरलाय का? तोंडभर काचेचा घ्यावा की डोक्यावरून घालायचा पंख्याचा हेल्मेटवाला? नाशकात कुठल्या प्रकारच्या दुकानात घालून बघायला मिळेल? खरड छाटणी एप्रिलमध्ये आहे, त्याआधी हवाय.