लक्षणं नाहीत, तरी शुगर कशी ओळखायची? विदर्भातल्या गावपातळीवरचे अनुभव

"मले काईच त्रास नाई, मंग सुई कायले टोचता?" तिशीपुढच्यांची तपासणी करणाऱ्या प्रत्येकीने हे ऐकलेलं आहे. बोलणारा खोटंही बोलत नसतो. लघवीत साखर उतरायला रक्तातली साखर साधारण १८० च्या वर जावी लागते. त्यामुळे 'लघवीला मुंगळे लागतात का' एवढ्यावर ज्याला सोडलं, तो उपाशीपोटी १५० घेऊन वर्षानुवर्षं शेतात राबू शकतो. अशा माणसाला नेमकं कसं गाठायचं आणि आकडा कुठे फसवतो ते इथे लिहा. आपबीती नको, रीत हवी. (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.)

आशा गटप्रवर्तक, यवतमाळ जिल्हा

सीबॅक फॉर्ममध्ये (आजाराचा धोका गुणांनी मोजणारा आशाचा प्रश्नांचा फॉर्म) ४ च्या वर गुण आले की त्या व्यक्तीला आधी पाठवायचं, पण तपासणी तिशीपुढच्या सगळ्यांचीच करायची. हे अनेकजणी विसरतात आणि कमी गुणवाल्यांना सोडून देतात. बारीक अंगाच्या माणसाचे कमरेचे गुण शून्य येतात, शुगर मात्र असू शकते.

फॉर्ममधले प्रश्न जसेच्या तसे वाचले तर उत्तरं चुकीची येतात. 'तंबाखू खाता का?' याला उत्तर 'नाही', आणि गालात खर्रा. म्हणून 'दिवसाला किती खर्रे होतात?' असंच विचारा. 'घरात कुणाला शुगर?' यालाही 'नाही', कारण घरात कुणाची तपासणीच झालेली नसते. तिथे विचारायचं: कुणाचा पाय कापावा लागला का, जखम महिनोन्‌महिने चिघळत होती का, कुणाला रोजची गोळी चालू होती का.

कमर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध हवा. बाईच्या निऱ्यांवरून घेतलेलं माप दोन-तीन सेंटीमीटरने सहज फुगतं. बाईला ८० पर्यंत शून्य, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. पुरुषाला ९० पर्यंत शून्य, १०० पर्यंत एक. म्हणजे निऱ्यांचाच एखादा गुण होतो. टेप हातात असतानाच मानेकडेही बघून घ्या. मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखी जाड कातडी असेल आणि 'घासून जात नाई' म्हणत असेल, तर तो मळ नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी आठनंतर घरं रिकामी असतात. संध्याकाळ धरा, नाहीतर बाजाराचा दिवस.

समुदाय आरोग्य अधिकारी, संत्रापट्टा, नागपूर जिल्हा

बोटाच्या टोचणीबद्दल. आमच्याकडे संत्र्याच्या हंगामात बोटाला रस लागलेला असतो. नुकतंच संत्रं सोललेल्या बोटातून थेंब घेतला तर धडधाकट माणसाचा आकडा २०० पार जाऊ शकतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून ती साखर जातेच असं नाही. साबण-पाण्याने हात धुवायचा आणि पूर्ण कोरडा करायचा. पाणी नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा घ्या. मोहफुलं वेचून आलेल्यांचंही तेच.

स्पिरिट वापरलं तर वाळू द्या. हात आधी खाली लोंबता ठेवायचा, मग करंगळीशेजारच्या बोटाच्या कडेला टोचायचं. थेंब येत नाही म्हणून बोटाचं टोक पिळलं की रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा घसरतो. उलट रक्त फार कमी असलेल्या बाईत मीटर जास्त दाखवतो. शंका आली की शिरेतलंच रक्त घ्या.

पट्ट्यांची डबी बहुधा ३० अंशांच्या आत ठेवायची असते, आणि मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत काय तापतं ते सगळ्यांना माहीत आहे. फ्रीजमध्ये किंवा लशीच्या डब्यातही नको, दमट पट्टी तितकीच बाद. झाकण उघडं ठेवून पाच जणांची रांग उरकायची नाही. उघडल्याची तारीख डबीवर पेनाने लिहा.

आता सगळ्यात जास्त गाळला जाणारा रकाना: शेवटचं खाणं किती वाजता? भाकरी खाऊन दीड तासाने आलेले १३५ आणि रात्रीपासून उपाशी असताना आलेले १३५ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात घाबरायचं कारण नाही, दुसरा मधुमेहाच्या रेषेपलीकडे आहे. रँडम (खाण्याची वेळ न पाहता कधीही घेतलेली साखर) १४० च्या वर गेलं की वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे चिठ्ठी द्यायची. निदान तिथे होतं, आपल्या पट्टीवर नाही.

आशा, वर्धा जिल्हा

मीटरवर २४० आले आणि माणूस ठणठणीत असेल, तर 'शुगर आहे' असं सांगायचं की नाही?

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, गडचिरोली जिल्हा

ताई, 'साखर जास्त दिसते, उद्या सकाळी पाण्याशिवाय काही न खाता-पिता या' एवढंच सांगा. मात्र उलट्या, जोराचा श्वास, गुंगी किंवा झपाट्याने उतरलेलं वजन असेल तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी पाठवा.

निदानाच्या रेषा अशा: शिरेतल्या रक्तात उपाशीपोटी १२६ किंवा वर, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा वर, एचबीएवनसी (हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज) ६.५ टक्के किंवा वर. रँडम २०० एकट्याने पुरतं, पण सोबत ठळक लक्षणं असतील तरच. लक्षणं नसणाऱ्यात दोन पुरावे लागतात. एकाच वेळी उपाशी १३२ आणि एचबीएवनसी ६.८ आले तर काम झालं. एक रेषेवर आणि एक खाली असेल, तर जी जास्त आली तीच तपासणी पुन्हा करायची.

ताप, मोठा जंतुसंसर्ग किंवा अपघात चालू असताना वाढलेल्या साखरेवर कायमचा शिक्का मारू नये. बरं झाल्यावर पुन्हा तपासा. कंबरदुखीसाठी 'ताकदीची गोळी' किंवा सुई घेतली का, हेही विचारा. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं.

आमच्या भागातली खरी अडचण सिकलसेलची आहे. एसएस रुग्णाच्या (सिकलसेल आई-बाप दोघांकडून आलेल्याच्या) रक्तात नेहमीचं हिमोग्लोबिन ए नसतंच, आणि लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळ मिळत नाही. त्याचा एचबीएवनसी मागवूच नका. एएस वाहकात (एकाकडूनच आलेल्यात) आकडा यंत्राच्या पद्धतीवर ठरतो. वाहकाचं रक्त त्या पद्धतीला चालतं का हे प्रयोगशाळेला विचारून घ्या. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी उगाच वर जातो. अलीकडे रक्त चढवलं असेल तर तीन महिने त्यावर विसंबू नये. या सगळ्यांसाठी उपाशीपोटीची आणि दोन तासांची साखर हाच मार्ग. म्हणून चिठ्ठीवर सिकलसेलचा रिपोर्ट लिहून पाठवत जा. सिकलसेलचं कार्ड घरात असतं, चिठ्ठीवर मात्र येत नाही.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, चंद्रपूर जिल्हा

डॉक्टरसाहेबांच्या १२६ मध्ये माझी भर. साध्या नळीतलं रक्त तसंच राहिलं तर पेशी साखर खात राहतात, ताशी ५ ते ७ टक्के, उन्हाळ्यात त्याहून वेगाने. सकाळी १३२ असलेलं रक्त दोन तास गाडीत फिरून आलं की ११५-१२० च्या घरात. रिपोर्ट 'ठीक', रुग्ण घरी. आमच्या जंगलपट्ट्यातल्या कितीतरी केंद्रांपासून प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता एवढा आहेच.

त्यासाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी. खुणेपर्यंत भरा, आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करा, घुसळू नका. फ्लोराइडलाही पूर्ण काम करायला तास-दीड तास लागतो, तेव्हा नळी लगेच बर्फावर ठेवा आणि सोय असेल तर केंद्रातच सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून प्लाझ्मा (पेशींशिवायचा पातळ भाग) वेगळा करा. एचबीएवनसीला जांभळ्या झाकणाची नळी. नळीवर रक्त घेतल्याची वेळ नसेल तर आकडा कशाचा, हे मला सांगता येत नाही.

'उपाशी आहात का?' हा प्रश्न सोडा. 'हो, उपासच हाय' म्हणतात, आणि साबुदाण्याची उसळ झालेली असते. काळा चहा आणि खर्रा तर कुणी खाण्यात धरतच नाही. 'उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?' असं विचारा. किमान आठ तास, पाण्याशिवाय काही नाही.

दोन तासांच्या चाचणीला ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज. पाकिटावर मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेलं) लिहिलं असेल तर ८२.५ ग्रॅम, काट्यावर मोजून. 'चार चमचे' चालत नाही. २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. घड्याळ पहिल्या घोटापासून. मधल्या वेळात बसून राहायचं, बाजारात चक्कर नाही, बिडी-खर्रा नाही. आधीचे तीन दिवस पोटभर नेहमीचं जेवण हवं. कडक उपास सोडून लगेच आलेल्याचा आकडा खोटा चढतो.

क्षयरोग पर्यवेक्षक, गोंदिया जिल्हा

थोडक्यात: प्रत्येक टीबी रुग्णाची साखर तपासायचीच. वारंवार गळवं, जांघेतला न जाणारा नायटा, हलणारे दात, तळपायाची आग, लवकर आलेला मोतीबिंदू यातलं काहीही घेऊन आलेला माणूस 'त्रास नाही' असंच सांगतो, कारण त्याच्या लेखी तो त्रास शुगरचा नसतो.

एएनएम, भंडारा जिल्हा

गरोदर बाईसाठी रीत वेगळी आहे. उपाशी असो वा जेवलेली, पहिल्या भेटीतच ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, दोन तासांनी १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ठीक आलं तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, दोन्हींत किमान चार आठवड्यांचं अंतर. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी नव्याने. अर्ध्या तासानंतर झाली तर चाचणी चालू ठेवा. रोवणीच्या दिवसांत दोन तास बसायला बाई तयार नसते. तिला ग्लुकोज आधी पाजा. वजन, बीपी, रक्त-लघवी, कार्ड भरणं त्या दोन तासांत उरकतं.

सुटतं ते बाळंतपणानंतरचं. सहा आठवड्यांनी उपाशीपोटी ७५ ग्रॅमची चाचणी व्हायला हवी, पण बाई माहेरी, नोंद सासरच्या उपकेंद्रात. तेव्हा माता-बाल कार्डाच्या पहिल्याच पानावर 'गरोदरपणात शुगर' असं लाल पेनाने लिहा आणि चाचणी बाळाच्या दीड महिन्याच्या लशीच्या दिवशीच ठेवा. त्या दिवशी ती कुठल्या ना कुठल्या उपकेंद्रात येतेच. 'रात्री जेवल्यावर काही खाऊ नको, सकाळचा चहाही नको, बाळाला पाजत राहा' एवढा निरोप तिथल्या आशाकडून आदल्या दिवशी जायला हवा.